तिसरे पेडल

गाडी घ्यायला निघालेल्या घरात आज एक प्रश्न हमखास निघतो: गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक? या प्रश्नाच्या पोटात एक जुनी समजूत दडलेली असते. ऑटोमॅटिक गाडी नवशिक्यांसाठी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी, फार तर शहरातल्या कोंडीला कंटाळलेल्यांसाठी. खरा चालवणारा तो, जो खंडाळ्याच्या घाटात नुसता इंजिनाचा आवाज ऐकून नेमक्या क्षणी गिअर उतरवतो. क्लच आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ घालता येणे हीच ड्रायव्हरकीची खरी परीक्षा, असे आपण धरून चालतो.

ज्यांनी ही समजूत सर्वांत घट्ट धरून ठेवायला हवी होती, त्या वेगवेड्यांनीच ती सोडून दिली आहे. अमेरिकेत ड्रॅग रेसिंग हा शर्यतीचा एक प्रकार आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत जो आधी पोचेल तो जिंकतो. या खेळातल्या हौशी मंडळींची एक आवडती गाडी म्हणजे टोयोटाची १९९३ ते २००२ या काळात निघालेली सुप्रा. तिचे तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे टू-जेझेड इंजिन ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे आहे. कारखान्यातून निघताना त्याची ताकद जपानी आवृत्तीत २८० आणि अमेरिकी आवृत्तीत ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. मोठा टर्बो आणि इतर बदल केले की हेच इंजिन हजार अश्वशक्तीच्या पुढे जाते. या गाडीबरोबर मिळणारा सहा गिअरचा गेट्राग व्ही-१६० हा गिअरबॉक्स आज दुर्मीळ आणि महाग आहे. असे असूनही अनेक मालक तो काढून बाजूला ठेवतात आणि त्या जागी १९६४ साली कॅडिलॅक आणि ब्यूक या अमेरिकी आलिशान गाड्यांसाठी आलेला, फक्त तीन वेगांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवतात.

सहाचे तीन आणि १९९० च्या दशकातले काढून १९६० च्या दशकातले, हा व्यवहार उरफाटा वाटतो. तो का केला जातो, प्रत्यक्षात कसा होतो आणि त्यात चालवणाऱ्याच्या कौशल्याचे नेमके काय होते, याचा हा शोध. मी अभियंता नाही. जे शिकलो ते दुरुस्तीच्या पुस्तिका वाचून आणि उघडलेले गिअरबॉक्स पाहून. त्यामुळे ज्यांनी कधी बॉनेट उघडले नाही, त्यांनाही कळावे अशा बेताने सांगतो.

पाव सेकंदाचा हिशेब

पेट्रोल इंजिन शून्यातून ताकद देऊ शकत नाही. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली गेले की ते बंद पडते. चाके मात्र सुरुवातीला स्थिर असतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ घालणारा भाग म्हणजे क्लच. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या जोराने दाबून धरलेली घर्षणाची तबकडी, एवढाच तो असतो. पाय हळूहळू उचलताना ही तबकडी थोडा वेळ घसरते आणि त्या घसरण्यातच गाडी हलते.

ताकद वाढली की हीच तबकडी अपुरी पडते. मग स्प्रिंग अधिक कडक करायच्या, एका तबकडीच्या जागी दोन-तीन घालायच्या. असा क्लच ताकद पेलतो खरा, पण त्याचा मऊपणा जातो. तो एकतर सुटलेला असतो किंवा धरलेला असतो, मधले काही उरत नाही. हिरव्या दिव्याला पाय सोडला की मागची चाके जागेवर गरगर फिरतात किंवा इंजिन गुदमरते.

दुसरी अडचण गिअर बदलतानाची. क्लच दाबायचा, दांडा हलवायचा, क्लच सोडायचा. सराईत हाताला याला पाव सेकंद लागतो असे धरू. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी पाव सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. हे १४ मीटर इंजिन चाकांपासून सुटलेले असते. ज्यांनी एएमटीची छोटी गाडी चालवली आहे त्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि दांडा हलवायचे काम यंत्र करते. गिअर बदलताना गाडी क्षणभर श्वास रोखल्यासारखी होते आणि मग पुढे सरकते. तो रोखलेला श्वास म्हणजेच तुटलेला शक्तिप्रवाह.

तिसरी अडचण टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे हे यंत्र इंजिनावर भार असेल तरच नीट फिरते. गिअर बदलायला पाय उचलला की टर्बोचा दाब पडतो आणि तो पुन्हा चढेपर्यंत वेळ जातो. शिवाय घाईत पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि लाखो रुपयांचे इंजिन एका क्षणात भंगार होते.

समोरासमोर दोन पंखे

या तिन्ही अडचणींवर उतारा असलेले साधन मोटारींसाठी जन्मलेलेच नव्हते. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर श्टेटिन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोघांची सांगड कशी घालायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने दात्यांऐवजी द्रवाचा उपाय शोधला आणि १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. टॉर्क कन्व्हर्टर तो हाच.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा. इंजिनाला जोडलेला पंखा तेल भिरकावतो, गिअरबॉक्सला जोडलेला पंखा त्या तेलाने फिरतो. मध्ये लोखंडाला लोखंड लागत नाही, म्हणून चाके थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. फ्योटिंगरची खरी करामत मधल्या तिसऱ्या भागात आहे. दुसऱ्या पंख्यावर आपटून परतणारे तेल उलट दिशेने येते आणि पहिल्या पंख्याला अडवू पाहते. मधली स्थिर पाती त्या तेलाची दिशा वळवतात आणि ते पहिल्या पंख्याला मदत करेल असे परत पाठवतात. त्यामुळे सुरुवातीच्या क्षणी इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे दुप्पट होऊन पुढे जातो. गाडीने वेग घेतला की ही पाती मोकळी सुटून तेलाबरोबर फिरू लागतात आणि मदत आपोआप थांबते.

आता सहा गिअर सोडून तीन का, याचे उत्तर आकड्यांत मिळते. व्ही-१६० चा पहिला गिअर इंजिनाचा पीळ ३.८२७ पट करतो. नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर फक्त २.४८ पट करतो, म्हणजे कागदावर तो दुबळा आहे. पण सुटण्याच्या क्षणी कन्व्हर्टर त्याला दोनने गुणतो आणि हिशेब ४.९६ वर जातो. गाडी वेग घेते तसा हा गुणाकार हळूहळू ओसरतो. एका गिअरमध्येच जणू अनेक गिअर दडलेले असतात.

सूर्य, ग्रह आणि कडे

गिअर बदलताना प्रवाह तुटू नये यासाठीची रचना वेगळीच आहे. मधोमध एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाके म्हणजे ग्रह. या सगळ्यांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे. हे दाते एकमेकांत कायम अडकलेले असतात. गिअर बदलायचा म्हणजे दाते सोडवून दुसरीकडे घालायचे नाहीत. या तिघांपैकी कोणाला धरून ठेवायचे आणि कोणाला फिरू द्यायचे, एवढेच ठरवायचे. धरून ठेवण्याचे काम तेलाच्या दाबाने आवळले जाणारे पट्टे आणि बारीक तबकड्यांच्या गड्ड्या करतात. एक गड्डी सुटत असतानाच दुसरी पकड घेते. चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलण्याची गरज नाही, त्यामुळे टर्बोचा दाबही टिकून राहतो.

मोटारीत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रथम रुजवली जनरल मोटर्सने. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत त्यांनी हायड्रा-मॅटिक हा चार वेगांचा ऑटोमॅटिक दिला. त्यामागच्या चमूचा प्रमुख अर्ल थॉम्पसन होता. १९२८ च्या कॅडिलॅकमध्ये आलेली, हाताने गिअर टाकणे सोपे करणारी सिंक्रोमेश रचनाही त्याचीच. हाताचे काम आधी सोपे करणारा आणि नंतर ते काढून घेणारा माणूस एकच होता. दुसऱ्या महायुद्धात हेच हायड्रा-मॅटिक एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात जोडीने बसवले गेले. युद्धानंतर जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या हौशी शर्यतवाल्यांनी हे गिअरबॉक्स उघडून त्यांत फेरफार सुरू केले. १९५० च्या दशकात बॉब स्पार यांच्या बी अँड एम या दुकानाने शर्यतीसाठी सुधारलेला हायड्रो-स्टिक बाजारात आणला आणि ऑटोमॅटिकला हसणारे धावपट्टीवरच हरू लागले.

१९६४ च्या गाड्यांत आलेला टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा या घराण्याचा सर्वांत दणकट वारस. नावातल्या 'टर्बो'चा टर्बोचार्जरशी संबंध नाही, तो शब्द कन्व्हर्टरमधल्या टर्बाइनवरून आला. मोठ्या, जड, भरपूर पिळाच्या इंजिनांसाठी तो बनला होता, म्हणून त्याचे भाग सढळ हाताने जाड ठेवले होते. त्याची वाटचाल पाहण्यासारखी आहे. रोल्स-रॉइसने तो सिल्व्हर शॅडोत घेतला. जग्वारने आपल्या बारा सिलिंडरांच्या गाड्यांत घेतला. १९७६ साली फेरारीने आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी काढली, त्या फेरारी ४०० मध्येही हाच होता. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीतही याचीच आवृत्ती गेली. शर्यतवाल्यांना तो आवडतो याचे कारण हेच: तो सर्वत्र होता, त्यामुळे त्याचे भाग, त्याची पुस्तके आणि तो जाणणारे हात अजूनही सर्वत्र आहेत.

प्रत्यक्ष काम

सुप्राचे इंजिन आणि कॅडिलॅकचा गिअरबॉक्स एकमेकांसाठी जन्मलेले नाहीत. इंजिनाच्या पाठीवरच्या बोल्टांची भोके आणि गिअरबॉक्सच्या तोंडावरची भोके जुळत नाहीत. म्हणून मध्ये जोड देणारे हाउसिंग बसवावे लागते. जड फ्लायव्हील जाते आणि त्या जागी पोलादाची पातळ, किंचित लवचीक तबकडी येते. ती पातळ असण्याला कारण आहे. दाबाने आणि उष्णतेने कन्व्हर्टर जरासा फुगतो, पुढेमागे सरकतो. ते हलणे या तबकडीने सोसायचे असते.

मग येते सर्वांत नाजूक पायरी. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडात सरकवताना तो फिरवत फिरवत आत बसवतात. आतल्या वेगवेगळ्या खाचा एकामागून एक जुळतात तसे 'खट्' असे आवाज येतात. फिटर ते कानाने मोजतो. शेवटचा आवाज आला नाही, म्हणजे कन्व्हर्टर तेलाच्या पंपात पूर्ण बसलेला नाही. तशा अवस्थेत बोल्ट आवळले तर इंजिन सुरू होण्याआधीच पंप फुटतो. कन्व्हर्टर मागे पूर्ण रेटल्यावर तो आणि पोलादी तबकडी यांत साधारण तीन ते पाच मिलिमीटर फट राहायला हवी. ती भरून काढत कन्व्हर्टर पुढे ओढून तबकडीला बोल्ट करायचा. हजार अश्वशक्तीच्या गाडीचे भवितव्य या दोन-चार मिलिमीटरांवर असते.

पुढची कामे एकेक करून येतात. गिअरबॉक्सची लांबी बदलली, म्हणून प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून तो तोलून घ्यायचा. खालचा आधाराचा आडवा दांडा नवा. रेडिएटरच्या पुढे तेल थंड करणारी जाळी आणि पंखा. क्लचचे पेडल, त्याचा सिलिंडर, त्याच्या नळ्या बाहेर. या शेवटच्या कामात एक धोका लपलेला आहे. गिअरच्या अनेक गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये यासाठी पेडलाखाली स्विच असतो. पेडल गेले की तो स्विचही जातो. तारा नुसत्या एकत्र जोडून दिल्या, तर गाडी गिअरमध्ये असतानाही सुरू होते आणि समोर उभ्या माणसावर झेप घेते. म्हणून दांडा पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच स्टार्टर चालेल, अशी जोडणी करावीच लागते.

सुरक्षेची दुसरी बाजूही आहे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स धावपट्टीवर डॉन गार्लिट्स या नामवंत चालकाच्या गाडीतला दोन वेगांचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. त्यात गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. रुग्णालयातून उठल्यावर त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली गाडी यशस्वी करून दाखवली आणि त्या खेळाच्या सर्वोच्च वर्गाची रचनाच बदलली. गिअरबॉक्सभोवती पोलादी किंवा जाड विणीचे कवच घालण्याचा नियम आज वेगवान वर्गांत आहे. माणसाच्या पायाशेजारी मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारे जड लोखंड ठेवायचे तर हे कवच ऐच्छिक राहू शकत नाही.

तापलेल्या तेलाची किंमत

तेल हे सगळे फुकट करत नाही. पंख्याने पंखा फिरवताना काही ताकद वाया जाते आणि तिची उष्णता होते. समजा, धावताना हजार अश्वशक्तीतली फक्त पाच टक्के गेली. म्हणजे ५० अश्वशक्ती, सुमारे ३७ किलोवॉट. घरचा गिझर दोन किलोवॉटचा धरला तर अठरा गिझर एकदम चालू. नऊ सेकंदांच्या धावेत एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याला उकळी येईल.

सुटण्याआधीचा क्षण त्याहून तापदायक. इथे ट्रान्सब्रेक नावाची युक्ती वापरतात. बटण दाबले की गिअरबॉक्समध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही गिअर एकाच वेळी लागतात. तो स्वतःच स्वतःला जखडून घेतो. गाडी जागची हलत नाही, पण इंजिन कन्व्हर्टरमधल्या तेलाशी झुंजत राहते. त्या भाराने धूर वाढतो, टर्बो फिरतो, दाब चढतो. बटण सोडले की मागचा गिअर सुटतो आणि गाडी पूर्ण दाबानिशी निघते. मोठ्या टर्बोच्या गाडीला या एका सोयीसाठीसुद्धा ऑटोमॅटिक करण्याचा मोह होतो. मात्र जखडलेल्या अवस्थेत चाकांना काहीच मिळत नसल्याने इंजिनाची सगळी ताकद तेलातच मुरते. तीनशे अश्वशक्ती तीन सेकंद मुरली, तर दोन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता. म्हणून हे बटण मोजके सेकंदच धरायचे असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो तो बहुधा तापून आणि जळक्या तेलाचा वास ही त्याची शेवटची तक्रार असते.

रस्त्यावर दुसरीही किंमत मोजावी लागते. व्ही-१६० चा सहावा गिअर ०.७९३ चा, तर नव्या गिअरबॉक्सचा शेवटचा गिअर १ चा. मागचे डिफरन्शियल मूळचेच, ३.१३ चे ठेवले आणि चाकाचा घेर दोन मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला आधी इंजिन मिनिटाला सुमारे २,०७० फेऱ्या घेत होते. आता २,६०० हून अधिक घेईल, शिवाय कन्व्हर्टरची घसरण वेगळीच. लांबच्या प्रवासात गाडी जास्त गुरगुरते आणि जास्त पेट्रोल पिते. म्हणूनच ज्यांना शर्यतही हवी आणि प्रवासही हवा, ते आता अधिक वेगांच्या, संगणकावर चालणाऱ्या आधुनिक ऑटोमॅटिककडे वळत आहेत.

नावापुरते ऑटोमॅटिक

या बदलातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र गिअरबॉक्सच्या पोटात, तेलाच्या वाटा ठरवणाऱ्या वाल्व्ह बॉडीत आहे. संगणकापूर्वीच्या काळात हाच त्याचा मेंदू होता. गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा एक दाब आणि इंजिनावरचा भार सांगणारा दुसरा, या दोघांच्या ओढाताणीत गिअर कधी बदलायचा ते ठरे. भार किती, हे इंजिनाच्या आत शोषल्या जाणाऱ्या हवेच्या निर्वातावरून कळे. टर्बोच्या इंजिनात जोर लावला की निर्वात नाहीसा होतो आणि उलट दाब तयार होतो. जुन्या मेंदूला ही भाषा कळत नाही.

शर्यतवाले यावर करतात काय? ते हा मेंदूच बदलतात. अशी वाल्व्ह बॉडी बसवतात की गिअर आपणहून कधीच बदलणार नाही. चालवणारा दांडा ओढेल तेव्हाच बदलेल. म्हणजे मॅन्युअलचा ऑटोमॅटिक केलेल्या गाडीत आधी काय केले जाते, तर त्या ऑटोमॅटिकमधला स्वयंचलितपणा काढला जातो! निर्णय माणसाकडेच राहतो, तेलाकडे जाते ती फक्त अंमलबजावणी. गिअर कधी बदलायचा हे जाणणे एक कौशल्य आहे, तो पायाने आणि हाताने बिनधक्का बदलणे हे दुसरे. आपण ड्रायव्हरकी म्हणताना दोन्ही एकत्र बांधून टाकतो, शर्यतीने त्यांची गाठ सोडवली.

सुटलेल्या गाठीचे पुढे काय झाले ते ब्रॅकेट रेसिंग या प्रकारात दिसते. तिथे प्रत्येक चालक आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल ते आधीच काचेवर लिहितो. धिम्या गाडीला तेवढी आघाडी दिली जाते. आता जिंकण्यासाठी दोन गोष्टी लागतात. हिरव्या दिव्याला सर्वांत आधी प्रतिसाद देणे आणि आपल्याच भाकिताच्या शक्य तितके जवळ राहणे. भाकितापेक्षा वेगाने गेलात तर बहुधा हरलात. अशा खेळात एका धावेत चुटकीसरशी पडलेला गिअर आणि पुढच्या धावेत जरा अडखळलेला गिअर यांना स्थान नाही. तेल दर वेळी जवळजवळ तेच करते. म्हणून चालकाचे लक्ष हवेचा उष्मा, धावपट्टीची पकड, टायरमधली हवा यांकडे वळते. कौशल्य संपले नाही, ते टाचेतून डोक्यात सरकले.

अर्थात तेलाचा विजय सर्वत्र झालेला नाही. नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या, या खेळातल्या सर्वांत वेगवान टॉप फ्युएल गाड्यांत आजही अनेक तबकड्यांचा क्लच असतो आणि तो ठरलेल्या क्रमाने घसरत घसरत पकड घेतो. तिथे गिअर बदलायचेच नसतात, त्यामुळे गणित निराळे होते. साधन श्रेष्ठ की कनिष्ठ हे कामाबाहेर ठरत नाही.

मोकळा झालेला पाय

डाव्या पायाचे पुढे काय होते, याची दोन उत्तरे इतिहासात आहेत. टेक्ससच्या जिम हॉल यांनी शेव्हरोलेच्या संशोधकांच्या मदतीने आपल्या शॅपरॉल गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स वापरला. १९६५ साली सेब्रिंगची बारा तासांची शर्यत हॉल आणि हॅप शार्प यांनी अशाच गाडीने जिंकली. १९६६ च्या शॅपरॉल २-ई मध्ये त्यांनी मोकळ्या डाव्या पायाला नवे काम दिले. गाडीच्या मागे खांबांवर उंच उभारलेला एक पंख होता. वळणावर तो तिरका राहून गाडी रस्त्यावर दाबून धरी. सरळ रस्त्यावर चालक डाव्या पायाने पेडल दाबी आणि पंख आडवा होऊन हवेचा अडथळा कमी होई. क्लचच्या जागी आलेले हे पेडल हवेशी बोलत होते.

दुसरे उत्तर युद्धातून आले. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावून परतलेल्या अमेरिकी सैनिकांपुढे तीन पेडलांची गाडी हा मोठाच अडसर होता. ओल्ड्समोबिलने हायड्रा-मॅटिकच्या आधारे त्यांच्यासाठी खास नियंत्रणे असलेल्या गाड्या देण्याची योजना काढली. १९४६ साली अमेरिकी संसदेने अशा सैनिकांना गाडीसाठी १,६०० डॉलरपर्यंत मदत मंजूर केली. जे यंत्र विकताना ऐषारामाचे म्हणून विकले जात होते, ते या माणसांसाठी कामावर स्वतः जाण्याचे साधन झाले. 'ऑटोमॅटिक म्हणजे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी' या वाक्यातला तुच्छतेचा सूर या माणसांपुढे टिकत नाही.

कायदा आणि आवड

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत आणि सुधारलेल्या गाड्यांची हौसही वाढते आहे. पण रस्त्यावरच्या गाडीच्या बाबतीत मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आडवे येते. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. परक्या कंपनीचा गिअरबॉक्स बसवण्याआधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोन्ही ठिकाणी विचारणे शहाणपणाचे. अपघात झाल्यावर हे प्रश्न विचारले गेले, तर त्यांची उत्तरे फार महाग पडतात.

शेवटी सुप्राकडेच परत येऊ. २०१९ साली टोयोटाने हे नाव नव्याने बाजारात आणले तेव्हा गाडी फक्त आठ वेगांच्या ऑटोमॅटिकसह मिळत होती. जुन्या सुप्रावाल्यांनी गॅरेजात जे केले होते, तेच आता कारखान्याने केले. आणि तरीही २०२२ मध्ये कंपनीने सहा गिअरचा मॅन्युअल पर्याय जाहीर केला, कारण ग्राहक तो मागत होते. ही मॅन्युअल गाडी कंपनीच्याच आकड्यांनुसार ऑटोमॅटिकपेक्षा थोडी मंद आहे. पोर्शच्या ९११ जीटी-३ ची कथा अशीच. २०१३ साली मॅन्युअल काढला आणि २०१७ साली ग्राहकांसाठी परत आणला.

यात विसंगती नाही. घड्याळ विचारते की किती वेळात पोचलास. हाताचा प्रश्न वेगळा असतो: पोचताना तू काय केलेस? पाव मैलाच्या धावपट्टीवर पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे असते आणि तिथे तेल हातापेक्षा सरस ठरले आहे. रविवारी सकाळी रिकाम्या घाटात मात्र कोणी घड्याळ लावून बसलेले नसते. गाडीचा गिअरबॉक्स बदलायला निघालेल्याने आधी आपल्याला कोणता प्रश्न पडला आहे ते ठरवावे. आणि बदल केलाच, तर काढलेला गेट्राग नीट पुसून, तेल लावून, तोंडे बंद करून फळीवर ठेवून द्यावा. विकू नये. प्रश्न बदलतात.